नफिसा मुकादम सर्चमध्ये सापडत नाही

नफिसा मुकादम हे नाव सर्च केलं. ती आली नाही.

दुसऱ्याच कुणाकुणाचे फोटो आले. आमची नफिसा आपा कुठेच नाही.

आज पहाटे ती गेली. संध्याकाळी उरणजवळच्या मोऱ्याहून, तिच्या घरून, पनवेलला परत येताना, एसटीत बसून मी हे केलं. मला रडण्यापेक्षा सर्च करणं सोपं जातं.

जुन्या स्टँडजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस. वेबसाइटचा मजकूर आपा लिहायची. तो सर्चमध्ये वर यावा हे माझं काम. म्हणजे लोक काय टाइप करतात ते शोधायचं आणि ते शब्द पानावर योग्य जागी आहेत का ते तपासायचं.

आमचं रोज वाजायचं.

"आपा, पहिल्या ओळीत कीवर्ड नाहीये."

"पान कुणासाठी आहे? नाव सांग."

"कस्टमरसाठी."

"कस्टमर नावाचा माणूस मला अजून भेटला नाही, इंजिनियर मॅडम."

कुणातरी एका माणसाचं नाव ठरल्याशिवाय ती लिहायलाच बसायची नाही. कर्नाळ्याजवळच्या एका रिसॉर्टचं पान तिने खांदा कॉलनीतल्या एका काकूंसाठी लिहिलं. त्यांचे गुडघे दुखायचे. म्हणून पहिलं वाक्य होतं, 'इथे पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.'

कीवर्ड मी दुसऱ्या वाक्यात बसवला.

मग तिला कॅन्सर झाला.

पहिल्या केमोच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच.

"मोबाइलवर शोधत होते, केमोच्या दिवशी नक्की काय करतात. सगळ्यात वर कुठलं पान आलं, सांग."

"कुठलं?"

"माझं."

आमच्याकडे आल्यावर तिने लिहिलेलं ते पहिलंच पान. पनवेलच्याच एका हॉस्पिटलचं. तेव्हा तिला नाव ठरवायची सवय नव्हती. ते कायम पहिल्या नंबरवर असायचं, म्हणून नव्या क्लायंटना आम्ही नमुना म्हणून तेच दाखवायचो.

तिने ते मला फोनवर वाचून दाखवलं.

"'पनवेलमधील सर्वोत्तम केमोथेरपी केंद्र शोधत आहात? पनवेलमधील आमच्या अत्याधुनिक केमोथेरपी केंद्रात जागतिक दर्जाची केमोथेरपी...' अगं, शेवटपर्यंत वाचलं मी. यात काहीच नाहीये."

मी ते पान माझ्या स्क्रीनवर उघडलं.

"एवढी घाबरलेय. आणि मीच मला काही सांगितलेलं नाही."

मग म्हणाली, "बदलू या. मी लिहिते, तू पास करून घे."

मी सवयीने विचारलं, "कुणासाठी?"

"माझ्यासाठी. लिहून घे नाव."

त्याच हॉस्पिटलात, हाताला सलाईन लावलेलं असताना तिने ते पान मोबाइलवर लिहिलं. एकेक प्रश्न सिस्टरला विचारून. शेजारच्या खुर्चीतल्या बायकांनाही विचारून.

सोबत कुणी यायला हवं का. सुई टोचली तिथे जळजळलं तर लगेच सांगायचं का. केस कधी जातात. मासे खाल्ले तर चालतात का. घरी उलटी थांबलीच नाही तर फोन कुणाला करायचा.

डॉक्टरांनी वाचून होकार दिला. हॉस्पिटलचे मार्केटिंगवाले अडून बसले. 'उलटी' शब्द निगेटिव्ह वाटतो म्हणाले.

मी आपाला कळवलं.

"बरं. मग 'पोटातून आनंदाने बाहेर येणे' लिहू का, विचार त्यांना." मग खोकला. मग, "लोक काय टाइप करतात? तुझ्याकडे असेल ना."

होतं. लोक उलटीच टाइप करत होते. मी ते सगळं काढून पाठवलं. आमचं दोघींचं एकमत झालेलं ते एकच पान.

शेवटी तडजोड झाली. वरची जुनी ओळ ठेवायची, सर्चसाठी. खालचं सगळं आपाचं.

पण मंजुरी रेंगाळली. तोवर तिचे उपचार थांबवले होते. ती मोऱ्याला घरी होती. रोज मेसेज यायचा, "झालं का लाइव्ह?"

रोज मी लिहायचे, "नाही."

एकदाचं झालं. मी लिंक पाठवली. वाटलं, खूश होईल.

उत्तर आलं, "फोन नंबर पार खाली आहे. उलटी होत असताना कोण स्क्रोल करत बसेल?"

मी नंबर वर घेतला.

"आता बरोबर."

हा तिचा शेवटचा मेसेज.

आज तिच्या घरी बायकांमध्ये बसले होते. तिच्या आईने विचारलं, "तू तिच्या ऑफिसातली ना? ती लिहायची ते कुठे वाचायला मिळेल?"

मी फोनवर ते पान उघडून दिलं. त्यांनी वाचलं. मग खालपर्यंत गेल्या, परत वर आल्या.

"हिचं नाव कुठेय?"

वेबसाइटच्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. तशी पद्धतच आहे. मला ते तिथे सांगता आलं नाही.

म्हणून ही पोस्ट. एरवी मी इथे काही लिहीत नाही. ही पब्लिक ठेवली आहे.

नफिसा मुकादम. मोरा, उरण. पनवेलमध्ये वेबसाइटचा मजकूर लिहायची.

आपा, हे पान तुझ्या आईसाठी आहे. नाव पहिल्याच ओळीत घेतलंय.

खुदा हाफिज.