पालुबाच्या घरचं ताक

आमच्या गावात पालुबाला हरवणं कुणाला जमलेलं नाही, आणि हे ती स्वतःच सांगते. चौधऱ्यांच्या घरात लग्न होऊन आली तेव्हा गोठ्यात एक भाकड म्हैस होती आणि खाटेवर दमेकरी सासरा. आज म्हशींची रांग आहे, पक्कं घर आहे, मुलगा वाघजी मोटारसायकलवरून शेतात जातो. हे सगळं डेअरीनं दिलं. डेअरीच्या टँकरसाठी रस्ता झाला आणि त्याच रस्त्यानं बाळंतिणी वेळेवर दवाखान्यात पोहोचू लागल्या. मी या गावची अंगणवाडी चालवते. गरिबीचे गोडवे माझ्यासमोर कुणी गाऊ नयेत, त्या दिवसांत मुलं कशी जायची ते मी पाहिलंय.

पण एक गोष्ट मात्र बिघडली. पूर्वी इथं घरोघरी दही घुसळायचे, तूप विकायचे आणि ताक वाटायचे. ताक विकणं म्हणजे नाक कापून घेणं. ज्यांच्या दारात म्हैस नाही अशा रावळवाड्यातल्या बायका सकाळी भांडी घेऊन दारात येत, आणि कुणी रिकाम्या हातानं परत जात नसे. पुढे सगळं दूध डेअरीला जाऊ लागलं आणि घुसळणंच बंद पडलं. तरीही भांडं घेऊन आलेल्या संकु रावळला पालुबानं सुनावलं होतं, "ताक आता टँकरमधून जातं. त्याच्यामागं धाव." संकुनं त्यानंतर त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही.

तालुक्यात सगळ्यांत जास्त दूध भरणारीचा डेअरी दरवर्षी सत्कार करते; यंदा तो पहिला नंबर पालुबाचाच, हे गाव धरून चाललं होतं. आधी दोनदा तो तिच्या हातून थोडक्यात निसटला होता, त्यामुळे ती इरेला पेटली होती. नेमकं तेव्हाच मी तिच्या नातीचं, जिगीचं, वजन केलं. पोरगी तीन वर्षांची, पण वजन तक्त्यावरच्या लाल पट्ट्यात.

"तुझा काटा बिघडलाय, बहेन," पालुबा म्हणाली. "तालुक्याला दूध पाजणाऱ्या घरातली पोर वाळलेली कशी असेल?"

"सकाळी काय पिते ती?"

"चहा. बिस्किट बुडवून."

"आणि दूध?"

"दूध भरायचं असतं," ती सहज म्हणाली. "तरी तुझा काटा सरकारी. मी डेअरीचाच मानते."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जिगीला घेऊन डेअरीच्या रांगेत उभी. तिथले मंत्री, म्हणजे हिशेब ठेवणारे रामसंगभाई, गोंधळले.

"पालुबा, इथं दूध मोजतात."

"मग हिलाही मोज. फॅट काढू नकोस, नुसतं वजन सांग."

रांग हसली. रामसंगभाईंनी जिगीला काट्यावर उभं केलं. पडद्यावर माझ्या काट्याचाच आकडा उमटला, आणि हसू थांबलं. रांगेतल्या बऱ्याच जणींच्या घरी असंच वाळलेलं मूल होतं. पालुबानं नातीला उचललं आणि कुणाकडे न बघता घरी गेली. मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला.

त्याच संध्याकाळी दोन मोठ्या म्हशींचं दूध तिनं घरी ठेवलं. वाघजी आईवर भडकला.

"बा, वर्षभर राबलो ते कशासाठी? सत्कार होऊ दे, मग घुसळ हवं तेवढं."

"सत्कार होईपर्यंत जिगी वाढायची थांबेल का रे?"

"एका पोरीला दोन म्हशी?"

"पोरीला दूध. ताक, मागायला येतील त्यांना."

"येतंय कोण? तूच तर हाकललंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दही घुसळलं. ताकाचा हंडा दुपारपर्यंत ओसरीवर तसाच राहिला. मी रावळवाड्यात निरोप दिला, तर बायकांनी मान फिरवली. त्यांची पोरंही माझ्या लाल पट्ट्यात होती, पण अपमान त्या विसरल्या नव्हत्या, आणि त्यांचं काय चुकलं?

मग पालुबानं जे केलं ते आमच्याकडे कुणी करत नाही. ताक न्यायला घेणाऱ्यानं यायचं असतं, देणाऱ्या घरची बाई ते घेऊन फिरत नाही. पालुबा हंडा डोक्यावर घेऊन भर गावातून रावळवाड्यात गेली. बायका दारात येऊन बघत राहिल्या. संकु अंगणात खाट विणत होती. तिनं हातातली दोरी सोडली नाही.

"टँकर आज इकडं वळला वाटतं," ती म्हणाली.

"वळवला. भांडं आण."

"आणि उद्या?"

"उद्या तू ये. मला रोज चालवू नकोस, गुडघे दुखतात. आणि त्या दिवशी मी बोलले ते वाईट बोलले."

संकुनं हातातल्या दोरीचा वेढा पुरा केला, सावकाश उठली आणि घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं घेऊन आली.

पुढच्या आठवड्यात आणखी काही घरांत घुसळणं सुरू झालं. डेअरी काही बुडाली नाही. जिगी हळूहळू भरू लागली आणि माझ्या अंगणवाडीत भांडणं करू लागली.

पहिला नंबर शेजारच्या गावच्या दरियाबेनला गेला. सत्काराला पालुबा गेली होती, टाळ्याही वाजवल्या. डेअरीचे साहेब तिला ओळखत होते. त्यांनी काळजीनं विचारलं, "पालुबेन, यंदा तुमचं दूध घटलं कसं?"

"दूध तेवढंच आहे, साहेब," ती म्हणाली. "यंदा गावानं प्यायलं."