सुमनची केस आणि आमच्या संघमित्रा मॅडम

सुमन नावाच्या बाईची थेरपी मी अकरा वेळा केली. ही बाई जगात नव्हतीच.

सुमनचा रोल आमच्या मॅडम करायच्या.

आज संघमित्रा मॅडमना जाऊन एक वर्ष झालं. समता कॉलनीतल्या आमच्या काउन्सेलिंग सेंटरच्या त्या हेड. हार्ट अटॅक आला, तोही दोन पेशंटच्या मधल्या दहा मिनिटांत. कोणाची अपॉइंटमेंट बुडवायची नाही हा त्यांचा हट्टच होता.

रेल्वेतल्या गँगमनची मुलगी. एमए, एमफिल, मग ट्रॉमा थेरपी, मग ईएमडीआर, मग डीबीटी, मग ग्रीफवरचा, म्हणजे जवळचं माणूस गेल्याच्या दुःखावरचा, ॲडव्हान्स कोर्स.

नावापुढे डिग्र्यांची मालगाडी, असं आम्ही तोंडावर म्हणायचो. त्या हसायच्या आणि पुढच्या कोर्सचा फॉर्म भरायला घ्यायच्या. रिटायरमेंटच्या वयात!

भिंतीवर मात्र एकही सर्टिफिकेट लावलं नाही कधी. राहायच्या बीरगांवच्या जुन्या घरात, मोठ्या बहिणीसोबत. धूर, ट्रक, रोजची धावपळ. तेलीबांध्याला मस्त फ्लॅट घ्या ना मॅडम, म्हटलं की विषय बदलायच्या.

दर गुरुवारी आमचं ट्रेनिंग असायचं. मॅडम पेशंट, आम्ही थेरपिस्ट.

मॅडम चष्मा काढून खुर्चीत बसायच्या आणि समोर दुसरीच बाई असायची. मान वेगळी, हात वेगळे. पहिल्यांदा मला खरंच घाम फुटला होता.

"मॅडम, रोज दुपारी तीन वाजता मोरीतला नळ सुरू होते," सुमन सांगायची. "कोणीतरी पाय धुते. मंग बंद होते. माहा भाऊ फॅक्टरीतून आला का पहिले पाय धुये. तो जाऊन लय वर्ष झाले."

आणि शेवटी, दर वेळी, हेच विचारायची:

"तुमाले आयकू येते का?"

याचं बरोबर उत्तर आम्हाला पाठ होतं. खोटं हो म्हणायचं नाही. वेड्यात काढायचं नाही. म्हणायचं, "मला नाही येत, पण तुम्हाला येतंय हे मी समजू शकते."

मी ते अगदी मऊ आवाजात म्हणायचे. मला दहापैकी दहा मिळायचे.

मार्क देताना मॅडम माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहायच्या. मला वाटायचं, खूश आहेत माझ्यावर. गाढव मी.

गेल्या वर्षी मॅडमच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी बीरगांवच्या घरी पहिल्यांदा गेले. बुद्धवंदना झाली, लोक बाहेर मांडवात जेवायला बसले. मी आत कुसुमताईंजवळ बसले. मॅडमची हीच ती मोठी बहीण.

ताईंनी पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत सगळी सर्टिफिकेटं, एकावर एक.

"लहान भाऊ होता आमचा, उरला एरियातल्या फॅक्टरीत," ताई म्हणाल्या. "कामावरच गेला. हे पोट्टी तवापासून शिकूनच राहिली होती. नव्या कोर्सले जाताना दर वेळी म्हणे, ताई, याच्यात असन काहीतरी."

मला आधी कळलंच नाही. मग सुमनची केस मॅडमनी कुठून आणली होती, ते कळलं.

अकरा वेळा त्यांनी मला विचारलं होतं. मी त्यांना टेक्निक दाखवत होते.

तेवढ्यात नळ सुरू झाला.

मोरी माझ्या समोरच होती. दार सताड उघडं. आत कोणी नव्हतं. पाणी मात्र सरळ फरशीवर पडत नव्हतं. मध्येच कशावर तरी अडत होतं, थांबत होतं, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. घोटे चोळताना पडतं ना, तसं.

मग नळ बंद झाला. चावी फिरल्याचा बारीक आवाजही आला.

ताईंनी माझा हात धरला. "तुले आयकू आलं?"

माझ्या तोंडून सवयीने, मऊ आवाजात निघालं, "मला नाही आलं ताई, पण तुम्हाला येतंय हे मी समजू शकते."

ताईंनी हात सोडला.

दारात त्यांचा चुलतभाऊ उभा होता, पाण्याचा जग घेऊन. तो इकडच्यासारखा हिंदीत म्हणाला, "देखो दीदी, मॅडम की स्टुडेंट भी यही बोल रही है. अब तो डॉक्टर को दिखा लो."

पुढच्याच आठवड्यात दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या. हे मला नंतर कळलं, तरी मी गप्प बसले. मी कोण आहे, काय शिकले आहे, लोक काय म्हणतील, सगळा विचार केला. एका म्हाताऱ्या बाईला मी माझ्या मार्कांसाठी एकटं पाडलं. लाज वाटते लिहायला.

मला काय दिसलं त्याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि कमेंटमध्ये कोणी देऊही नका.

आज सकाळी ताईंना फोन केला. आधी रडले. मग सांगितलं, ताई, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं. दिसलंही होतं. मी खोटं बोलले.

ताई रागावतील असं वाटलं.

पण त्या हळूच म्हणाल्या, "हव बाई. वर्ष झालं, गोळ्या घेऊन राहिली मी."

मी म्हटलं, मग बंद झाला का आवाज?

"नाही वो," ताई म्हणाल्या. "आता दोघं येतात."

मॅडम, निरोपाचे दोन शब्द लिहायला बसले होते. कसा देऊ निरोप?

दुपारी बीरगांवला येते आहे. तीनच्या आधी पोचते.

जय भीम.