बारवेच्या वाटेवरची खिडकी

आमच्या घराची खिडकी सरकारला आवडली, तिथून सगळं बिघडलं. माणसानं सरकारच्या नजरेत भरू नये म्हणतात. खिडकीनंही भरू नये, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

मी कळंबची. लग्न होऊन आले ती किल्ल्याच्या तटाआत वसलेल्या एका गल्लीत. दोन्ही अंगांना माळवदाची घरं आणि गल्लीच्या टोकाला पायऱ्यांची जुनी बारव. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या घरातला गोषा काही गेला नव्हता. मी शाळामास्तराची बायको, म्हणून मला देवळापर्यंत सूट होती. थोरल्या जाऊबाईंना तीही नव्हती. अक्का म्हणायचे मी त्यांना. उंबऱ्याबाहेरचं सगळं जग त्यांना पुढच्या खोलीतल्या खिडकीतून मिळायचं. सागवानी, बारीक कोरलेल्या जाळीची खिडकी होती ती. आतून रस्ता लख्ख दिसायचा, आणि रस्त्यावरच्या माणसानं मान मोडेस्तोवर वर पाहिलं तरी त्याला नुसतं लाकूड दिसायचं.

अक्कांची एकुलती एक लेक गावातच दिली होती, त्याच गल्लीत वरच्या अंगाला. सोयरीक झाली आणि वर्षाच्या आत दोघा व्याह्यांचं मोटेच्या पाळीवरून वाजलं. पाणी राहिलं बाजूला, बोलाचाली बापजाद्यांपर्यंत गेली. मेलो तरी तुमचा उंबरा चढणार नाही, अशी आण आमच्या थोरल्या भावजींनी घेतली आणि तिकडून व्याह्यांनीही. पंचमीला लेक आली नाही, दिवाळीला आली नाही. साद घातली तर ऐकू जाईल एवढ्यावर लेक, आणि साद घालायची चोरी! दोघंही पुरुष ताठ मानेनं पारावर बसत. भोगलं ते बायकांनी.

त्या घरात माणसं कमी, म्हणून सूनच पाणी भरायची. रोज सकाळी सासूच्या मागून ती आमच्या घरावरून बारवेला जायची. पोरगी याच घरात वाढलेली, जाळीमागं कोण बसतं ते तिला सांगायला नको. ती वर बघत नसे. पण येताना बरोबर आमच्या खिडकीखाली आली की थांबायची, कळशी एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घ्यायची आणि मग पुढं निघायची. तेवढीच मायलेकींची भेट.

"इथं आल्यावरच बरी जड होती गं तुझी कळशी," असं तिची सासू एकदा म्हणालेलं मी ऐकलं. अक्का आत पदर तोंडावर धरून हसल्या. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

एके दिवशी त्यांनी मला हाताला धरून जाळीपाशी ओढलं. "चाल बग तिची. दिवस गेल्यात पोरीला."

मला काही कळलं नाही. मला ती नेहमीसारखीच दिसली. पण अक्कांचं खरं निघालं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, हे त्या एकदाच बोलल्या. भावजींपुढं तो विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

आता खिळ्याचं सांगते. जाळीची खालची पट्टी वाळवीनं खाल्ली होती आणि खिडकी हलायला लागली होती. गावच्या सुतारानं एक फळी आणि चार खिळे ठोकले असते की काम झालं असतं. पण त्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी सरकारची निळी पाटी लागली होती. किल्ला आणि आतली जुनी घरं राखीव आहेत, परवानगीवाचून फेरबदल करू नये. ही पाटी वाचता येणारी माणसं गावात मोजकी होती आणि मानणारा माणूस एकच, तो आमच्या घरात होता. शेजाऱ्यांनी दारं बदलली, कोनाडे फोडले, एकानं तर तटाचे दगड आणून गोठा बांधला. आमच्या ह्यांनी एक खिळा ठोकायची परवानगी मागितली. आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा म्हणजे दुसरं काय असतं?

पुरातत्त्व खात्याचा साहेब आला. हैदराबादचं राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो, तेव्हा हा पुण्याकडचं बोलणारा होता. माणूस वाईट नव्हता. जाळीवरून त्यानं हात फिरवला तो आजारी लेकराच्या कपाळावरून फिरवतात तसा. "अशी जाळी आता कुठं उरली नाही. ही जपली पाहिजे," म्हणाला. तिला औषध लावून आणायचं, तोवर खात्याच्या खर्चानं दुसरी खिडकी बसवून द्यायची, असं ठरलं. आपल्या घरात एवढी मोलाची चीज आहे हे ऐकून भावजींनी मिशीवर हात फिरवला. अक्कांना कुणी विचारलं नाही. विचारणार कसं? त्या परपुरुषासमोर येत नव्हत्या.

मी ह्यांना चुलीपाशी बोलावलं. "अहो, अक्कांनी कुठून बघायचं?"

"आता तर जास्त दिसेल की," हे म्हणाले. "उजेड केवढा येईल!"

पुरुषांना खिडकी म्हणजे उजेड आणि वारा, एवढंच ठाऊक असतं.

जाळी गोणपाटात गुंडाळून बैलगाडीतून गेली. तिच्या जागी हिरव्या रंगाची, उभ्या गजांची आणि दोन झडपांची नवी खिडकी आली. खोलीत उजेड असा शिरला की कोपऱ्यातली कोळिष्टकंसुद्धा मोजता आली असती. भावजी खूश. अक्का भिंतीला चिकटून उभ्या होत्या, उजेडाच्या बाहेर.

त्या दोन दिवस तशाच भिंतीआडून ऐकत राहिल्या. पावलं वाजायची, थांबायची, पुढं जायची. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवलं नाही. पोरीला बहुतेक सातवा लागला होता. ती खिडकीखाली थांबली, कळशी बदलायला वाकली आणि वाकता वाकता तिनं वर पाहिलं. गजांमागं आई उभी होती. इतक्या दिवसांत त्या दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं ते तेव्हा. पोरगी "आई गं" म्हणाली, हळूच म्हणाली, पण म्हणाली. अक्का मागं सरकल्या नाहीत. मी शेजारीच होते. मीही त्यांना ओढलं नाही. कशी ओढणार?

सासू चार पावलं पुढं होती. ती वळली, तिनं खिडकीत बघितलं, सुनेकडं बघितलं आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवसापासून पोरीची वाट बदलली. गावाबाहेर मळ्याच्या अंगाला एक आड होता, तिथून पाणी आणायचं, असा त्या घरात हुकूम झाला. बारव पन्नास पावलांवर आणि आड पार वेशीच्या पलीकडं. पोटुशी बाई ऊन डोक्यावर घेऊन तिथून भरल्या घागरी आणते, हे आम्हाला धुणेवालीनं सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं आणि उठून खिडकीच्या दोन्ही झडपा लावल्या, खिटी ओढली.

"माझ्या बघण्यापायी पोरगी उन्हात मरंल," म्हणाल्या. "आता ही उघडायची न्हाय."

मी म्हटलं पडदा लावू. त्या घराची नजर आता या खिडकीवर होती, पडदा वाऱ्यानं हलला तरी त्यांना पुरे होता. सुताराला म्हटलं, साध्या पट्ट्यांची का होईना, जाळी मारून दे. त्यानं कानावर हात ठेवले. "सरकारी खिडकीला खिळा मारू व्हय, बाई? मास्तरच धरून देतील मला!" हे जाळीसाठी लिहीत राहिले. औषध चालू आहे, असं एकदा उत्तर आलं. मग साहेबाची बदली झाली आणि उत्तरही येईना. गुन्हा कुणाचाच नव्हता. कुणाचा तरी असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

पोरगी सासरीच बाळंत झाली. मुलगा झाला, हे सुईणीनं आमच्या मागच्या दारी येऊन सांगितलं. भावजी ओट्यावर बसले होते, त्यांनी ऐकलं. समोरचा चहा तसाच निवला. पण उठून त्या घरी गेले नाहीत ते नाहीतच.

सव्वा महिन्यानं बाळंतीण पाणवठ्यावर पाणी पुजायला निघते. ती पूजा बारवेवरच व्हायची, तेव्हा आमच्या घरावरून येणं त्यांना चुकणार नव्हतं. त्या सकाळी मी पुढच्या दाराच्या फटीशी उभी होते; अक्कांना त्या दारापाशी यायचीही मुभा नव्हती. पाच-सहा बायका, मध्ये पोरगी, डोक्यावरून शालू, खांद्यावर बाळ. आमच्या खिडकीखाली आली आणि तिनं पाऊल आखडलं. बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, त्याचं तोंड बंद झडपांकडं केलं आणि तशीच उभी राहिली. तिला वाटत असणार, झडपेला कुठं तरी फट असेल, आई बघत असेल. फट नव्हती. सरकारी काम चोख होतं.

मी आत धावले. अक्का झडपांना पाठ लावून जमिनीवर बसल्या होत्या. "अक्का, उघडा! बाळाला घेऊन उभी आहे ती, उघडा एकदा!"

त्यांचा हात खिटीपर्यंत गेला. मग त्यांनी तो हात दुसऱ्या हातानं धरून खाली आणला. "आन् सासूनं बगितलं तर? पुन्हा ओल्या अंगानं आडावर धाडतील तिला."

बाहेर कुणी तरी "चल गं" म्हणालं. पावलं बारवेकडं निघून गेली. ती पार ऐकू येईनाशी होईपर्यंत अक्का तशाच बसून होत्या. मग त्यांनी मला विचारलं,

"तू बगितलंस न्हवं? कुणावानी हाय?"

"तुमच्यावानी," मी म्हटलं.

कुंची नाकापर्यंत ओढलेली होती. मला बाळाचं काहीसुद्धा दिसलं नव्हतं.