चष्मेवाल्यांच्या डोक्यावरची टोपली

माझ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे वन्संना, जिना उतरायचा म्हटलं की अंगावर काटा येतो. दोन्ही गुडघे कामातून गेलेले. आणि जिना असा उभा नि अरुंद, की वर गेलेलं माणूस पुन्हा खाली यावं अशी बांधणाऱ्याची इच्छाच नसावी. शहराच्या जुन्या बाजारात, मुख्य रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानावर त्यांची एक मोठी खोली आहे. शिलाई यंत्र तिथेच, स्वयंपाक तिथेच, खाटही तिथेच. कपडे लहान-मोठे करणं, रफू, चेन बदलणं हा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक खालून हाक मारतं, वन्सं खिडकीतून वेताची टोपली दोरीने सोडतात. खिडकीवर भिंतीत लोखंडी आकडा, आकड्याला कप्पी. कपडा वर येतो, झाला की खाली जातो.

लग्न होऊन त्या इथे आल्या तेव्हा रस्त्यावर खाली कापडाची दुकानं आणि वरच्या मजल्यांवर शिंपी, अशी रीतच होती. कापड खाली घ्यायचं, मापं वर द्यायची. लग्नसराईत समोरासमोरच्या खिडक्यांतून टोपल्यांची नुसती येजा. मग तयार कपडे आले, शहराबाहेर हमरस्त्याला काचेची मोठी दुकानं झाली, आणि इथले शिंपी एकेक करत उठले. वरच्या खोल्यांत आता खोकी आणि कबुतरं. वन्संचे यजमान गेले तरी त्यांनी यंत्र बंद पडू दिलं नाही. संध्याकाळी त्या रस्त्यावर वरच्या मजल्यावर दिवा दिसतो तो त्यांचाच.

खालच्या चष्मेवाल्यांचं आणि त्यांचं टोपलीवरून जुनं भांडण. टोपली नेमकी त्यांच्या दारासमोर उतरते.

"बाई, गिऱ्हाइकाच्या टाळक्यात बसली आत्ता. वर बसून उंटावरून शेळ्या हाकता."

"त्याला टोपली दिसली नाही, म्हणजे तुमचंच गिऱ्हाईक ते. आत घ्या, नंबर काढा."

असं रोजचं चालायचं.

गेल्या वर्षी नगरपालिकेने जुना बाजार जतन करायचा ठरवला. काम चांगलंच होतं, मी नावं ठेवणार नाही. दगडावरचा सिमेंटचा गिलावा उतरवला, आत झाकलेलं कोरीव काम बाहेर आलं. पत्र्याचे भडक फलक निघाले. एके दिवशी इंजिनियर बाई वन्संच्या खोलीत आल्या. मी तेव्हा तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होते. त्या आदबीने बोलल्या. खिडकीतून वाकून त्यांनी वन्संना दाखवलं, की आकड्याच्या ओढीने वरच्या कोरीव दगडाला तडा गेला आहे.

"आजी, आकडा काढावा लागेल. उद्या दगड कुणाच्या डोक्यात पडला तर?"

"आणि माझं काम?"

"लोक वर येतील की."

"तुम्ही आलात ना, धाप किती लागली?"

बाई ओशाळून हसल्या. पण आकडा निघाला, टोपली बंद झाली, आणि तडा बुजवला गेला.

आमच्या ह्यांनी लगेच विषय काढला. "ताई, आता हट्ट पुरे. आमच्याकडे ये." एक खोली रिकामी केली, रंगही दिला. मला मनापासून हवंच होतं. मुलं बाहेरगावी, दिवसभर बोलायला भिंती. रोजच्या प्रार्थनेत मी हेच मागत होते, की त्यांना सुखरूप आमच्या घरी आण.

वन्सं मात्र म्हणाल्या, "तिथे येऊन मी काय करू? तुमच्या पडद्यांना किती वेळा दुमड घालू?" तरी गिऱ्हाईक तुटायला लागलं तेव्हा महिनाअखेर बघू, म्हणाल्या. त्यांच्या तोंडून 'बघू' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

इकडे चष्मेवाले खूश होते. ती खुशी आठवडाभर टिकली. ज्यांना जिना चढवेना ते कपडे त्यांच्याच दुकानात ठेवू लागले. 'वर तेवढं द्या, बाह्या दोन बोटं कमी म्हणावं.' काउंटरवर चष्म्यांपेक्षा पँटी जास्त. नाही म्हणावं तर माणसं रोजच्या ओळखीची. मग ते चढायचे, उतरायचे, आणि बाह्यांऐवजी भलत्याच कशाची तरी मापं सांगायचे.

त्यातच नगरपालिकेने कोपऱ्यावर माहितीचा फलक लावला. 'पूर्वी येथे वरच्या मजल्यांवर शिंपी राहत व काम करत असत.' चष्मेवाल्यांनी तो वाचला आणि वर येऊन वन्संना सांगितला.

"पूर्वी काय?" वन्सं म्हणाल्या. "म्हणजे मी गेले म्हणायची."

"त्यांच्या हिशेबी गेलात. माझ्या गुडघ्यांना अजून खबर नाही," जिना चढून आलेले चष्मेवाले गुडघे चोळत म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते नगरपालिकेत गेले. जन्मभर टोपलीविरुद्ध बोललेला माणूस टोपलीसाठी भांडायला गेला, ह्याचं त्यांना स्वतःलाच हसू येत होतं. इंजिनियर बाईंनी नियम पुन्हा वाचला. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, हे पक्कं. पण खिडकीच्या आत काय आहे त्याच्याशी नगरपालिकेला देणंघेणं नाही, म्हणाल्या.

मग सुताराने खोलीतल्या जमिनीवर जड लाकडी खांब उभा केला, त्याला फिरणारा आडवा हात बसवला, हाताच्या टोकाला कप्पी. काम असलं की हात खिडकीबाहेर फिरवायचा, संपलं की आत. त्यासाठी जागा मात्र खिडकीतलीच हवी होती. यंत्राला उजेड लागतो, ते हलवता येईना. मग वन्संची खाट हलली, आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात. उन्हाळ्यात त्या खिडकीच्या वाऱ्यावरच झोपतात हे मला ठाऊक आहे. मी तसं बोलले.

"अगं, झोपेत काय बघायचंय?" त्या म्हणाल्या. "वाऱ्याचं म्हणशील तर पंखा आहे."

महिनाअखेरीला हे त्यांना आणायला म्हणून गेले, तर वरून टोपली आली. आता ती भिंतीपासून हातभर लांब उतरते. खाली चष्मेवाले दोरी धरून उभे.

"त्यात काय टाकू?" ह्यांनी विचारलं.

"पँट आणली असशील तर टाक," वन्संनी वरून सांगितलं. "नसशील तर बाजूला हो, मागे लोक थांबलेत."

घरी येऊन ह्यांनी सांगितलं तेव्हा मी भाजी निवडत होते. वाईट वाटलं, नाही कसं म्हणू? पण देवापुढे त्याही रोज बसतात, आणि काय मागत असतील ते मी कधी विचारलं नव्हतं. त्यांचं ऐकलं गेलं. रंग दिलेली खोली मी झाडून घेतली, खिडकी उघडी ठेवली. आता गुरुवारी मीच त्यांच्याकडे जाते, तुरपाईला दोन हात जास्त.