कुशाबाई आणि कुंभारणीचं घर

शिरूरच्या अलीकडं, घोडनदीकाठच्या मळ्यात कुशाबाई राहायची. वस्तीत कुणाच्या वळचणीला काही भणभणलं की बोलावणं तिला. ती खालूनच बघून सांगायची, "तंगड्या लोंबत उडती न्हवं? गांधीलमाशी हाय. पोळ्याला धक्का लावू नगा. अंगावर आली तर हात झाडू नगा, मुकाट मागं सरा. आन् दोरीवरचं लुगडं झटकल्याबिगर नेसू नगा."

पण तोंडात चिखलाची गोळी धरून एकटीच ये-जा करणारी माशी दिसली की तिचा आवाज मऊ व्हायचा. "ही कुंभारीण. मुठीत आवळली तरच डसंल. हिचं घर पाडू नगा."

कुंभारीण मातीचं घर बांधते त्या घरात पाळणा हलतो, असं तिकडच्या बायका मानायच्या.

पानशेत फुटलं त्या साली कुंभारणीनं कुशाबाईच्याच तुळईला घर बांधलं. तिची एकुलती लेक भिमा दौंडला दिलेली. लग्नाला वर्षं उलटली, कूस उजवली नव्हती. सासू म्हणायची, दिवस गेले की धाडू माहेरी, रिकामी कशाला धाडायची? म्हणून लेकीचं तोंड दिसत नव्हतं.

शेजारची अनसाबाई हसायची, "अगं, घर तुझ्या तुळईला, आन् पाळणा दौंडात व्हय? का ह्या वयात तुझाच बेत हाय?"

"पयलं बाळंतपण माहेरीच करत्यात, मेले," कुशाबाई म्हणायची. "तेवढी रीत त्या कुंभारणीला ठावं हाय."

दसऱ्याला तिनं सगळं घर सारवलं, तुळईला मात्र हात लावला नाही. पुढं उन्हाळ्यात तिथंच, वीतभर अंतरावर गांधीलमाश्यांनी पोळं धरलं. नवरा हौशीराम म्हणाला, "सांजच्याला पलिता लावतो. दोन्ही जाळून टाकतो."

दिवस मावळल्याबिगर आन् धूर केल्याबिगर पोळ्याला हात लावू नये, हे साऱ्या वस्तीला कुशाबाईनंच शिकवलेलं. पण धुरानं कुंभारीण पळाली तर? नवरा रानात गेल्यावर भर दुपारी ती काठी घेऊन पाटावर चढली. पोळं पडलं, पण गांधीलमाश्या तिच्यावर तुटून पडल्या. डोळ्याला, ओठाला, मानेला. चुना लावला तरी तोंड भोपळ्यासारखं सुजलं, ताप भरला. हौशीरामनं घाबरून एसटीच्या कंडक्टरकडं दौंडाला निरोप दिला.

दुसऱ्या दिवशी भिमा दारात. कुशाबाईचा एकच डोळा उघडत होता. त्यानं तिनं आधी लेकीचं पोट बघितलं.

भिमानं पदर सारखा केला. "न्हाई गं आये."

"म्या कुठं काय इचारलं?"

"डोळ्यानं इचारलंस की. एकच उघडतुया तरीबी." दोघी हसल्या, मग दोघींनी डोळे पुसले.

भिमा ताप उतरेपर्यंत राहिली. तिनं आईला न्हाऊ घातलं, भाकऱ्या थापल्या. निघायच्या सकाळी पाटावर चढून तुळई निरखली. "आये, मातीला भोकं पडल्यात. पिल्लं कवाच उडाली. पाडू दे आता आबाला."

"दुसरी यील की बांधायला."

"आये, मला हितं गांधिलीनं आणलं, कुंभारणीनं न्हाई."

कुशाबाई सुजल्या ओठांनी म्हणाली, "मग पोळंबी राहू द्यायचं हुतं."

भिमा गाठोडं घेऊन एसटीला गेली. गाडी लांब जाईतोवर कुशाबाई बांधावर उभी होती. घरात आली तर हौशीराम खुरपं घेऊन तुळईखाली उभा.

"पाडू का गं?"

"दिवाळीपत्तोर राहू द्या," ती म्हणाली, आन् चुलीपुढं बसली.