रायफलची मॅगझिनं आणि बादलीवाले भाई

काम चालू असतं तेव्हा त्याचे किस्से कुणी सांगत नाही, कारण तेव्हा कामच एवढं असतं. ते बंद पडलं की किस्से वाढायला लागतात. आमचं काम बंद पडून बराच काळ झाला, त्यामुळे आमच्याकडे आता साठाच झालाय!

आम्ही म्हणजे तिघं. मी सुनीता, राहणार कोपर. केतकी, डिप्लोमा इंजिनीयर, हल्ली ठाण्याला नोकरी करते. आणि हवालदारकाका, फौजेतून रिटायर झालेले, मूळचे खेडजवळच्या एका गावचे. काकांना गावी जायचं असलं की आम्ही दोघी त्यांना सोडायला खोपटच्या डेपोवर जातो. एसटी वेळेवर लागली तर नुसतं ‘सांभाळून जा’ होतं. लेट असली की भेळ होते आणि भेळेबरोबर किस्से. काका दर वेळी भेळवाल्याला एकच गोष्ट बजावतात, "तिखट कितीही टाक, पण चिंचेची चटणी नको." भेळवाल्याला वाटतं काकांना ॲसिडिटी आहे.

चौथे आमचे मालक, भाई. ते डेपोवर येत नाहीत. पण किस्से सगळे त्यांचेच.

* * *

भाई इथले मूळचे, डोंबिवलीचे. आजोबा मिठागरात, वडील भातशेतीत, आणि भाईंनी त्याच जमिनीच्या तुकड्यावर प्लास्टिकचा कारखाना टाकलेला. बादल्या, मग, टमरेलं, सगळं तिथे बनायचं. मी तिथेच बादल्यांच्या कड्या तपासायचे. धंदा बरा चालायचा, पण भाईंच्या मनात एक गोष्ट सलायची.

त्यांच्याकडे हळदीला ऑर्केस्ट्रावाला माइकवरून पाहुण्यांची नावं घेतो. कुणी नगरसेवक, कुणी बिल्डर, कुणी दादा. भाई मांडवात शिरले की आवाज यायचा, "आणि आलेत आपले बादलीवाले भाई!" मंडळी टाळ्या वाजवायची. भाई हसून हात करायचे आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात कुणाशी धड बोलायचे नाहीत.

अशात एका मोठ्या कंपनीचा माणूस आला. रायफल त्यांची, लायसन्स त्यांचं. रायफलच्या पोटाखाली काडतुसं भरायची वाकडी डबी असते ना, ते मॅगझिन. ते प्लास्टिकमध्ये आणि स्वस्तात ओतून देणारा कुणीतरी त्यांना हवा होता. भाव काय, मुदत काय, काही न विचारता भाई हो म्हणून मोकळे झाले!

ट्रायलमध्ये मॅगझिन पास झालं तर ऑर्डर मिळणार होती आणि वर कंपनीचं पत्र, की माल फौजेच्या लायकीचा आहे. खरं सांगते, भाईंना ऑर्डरपेक्षा ते पत्र हवं होतं. ऑफिसात देवाच्या फोटोशेजारी त्यांनी त्याच्यासाठी खिळा ठोकून ठेवला. "आता बघू कोन बादलीवाला बोलतंय ते," म्हणाले.

पत्राचा पत्ता नव्हता, पण खिळ्याला हळदकुंकू रोज लागत होतं.

* * *

तपासणीसाठी भाईंनी हवालदारकाकांना आणलं. काकांची उभी नोकरी फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात गेलेली. पहिल्या दिवशी भाईंनी नवंकोरं मॅगझिन दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसं पुढे केलं. काकांनी ते घेतलं, नकली काडतुसं भरली, खांद्याएवढं वर धरलं आणि दिलं सोडून सिमेंटवर. थेट तोंडावर!

भाई ओरडले, "अवो, काय करता तुमी?"

काका शांतपणे म्हणाले, "जवान काय गादीवर पडतो? माल स्वस्त आहे ना? मग त्याला मार महागातला द्यायचा!"

मॅगझिनच्या तोंडाशी काडतूस धरून ठेवणाऱ्या दोन कडा असतात. आम्ही त्यांना ओठ म्हणायचो. पडून ओठ फाटला की मॅगझिन कामातून गेलं. सुरुवातीची सगळी फाटली. केतकीने साच्यात बदल करायचा, आम्ही नवीन माल पाडायचा, असं रोज सकाळी चालायचं.

आणि रोज सकाळी भाई त्या वेळेला भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. बाळाला इंजेक्शन देताना बाप उभा राहतो ना, तसे. खाली आवाज झाला की न वळता विचारायचे, "ओठ फाटला काय गो, सुनीता?"

ओठ फाटायचे बंद झाले त्या दिवशी मी म्हटलं, "नाही भाई, हसतंय!"

तेव्हा कुठे वळले. डोळे ओले होते, पण कारण विचारलं असतं तर मशीनच्या धुरावर ढकललं असतं.

* * *

मग काकांनी नवीन काढलं. "बर्फात चालेल का हे?"

थंडीची टेस्ट करायची मशीन कंपनीकडे होती, आमच्याकडे कुठली असायला? भाई मॅगझिनं घेऊन सरळ घरी गेले आणि वहिनींच्या डीप फ्रीजरमध्ये ठेवून आले. पापलेटांच्या आणि सुरमईच्या मधोमध.

दुसऱ्या दिवशी नेमका कंपनीचा माणूस बघायला आला. त्याने मॅगझिन नाकाजवळ नेलं. "हे कुठल्या केमिकलमध्ये ठेवलेलं?"

"पापलेट," भाई म्हणाले. "वरच्या कप्प्यात सुरमई पन होती."

मॅगझिन थंडीत पास झालं. संध्याकाळी वहिनींचा फोन आला, त्यांनी भाईंना एवढंच विचारलं, "आता माझ्या पापलेटाला कोन पास करनार?"

वहिनी अजून भेटल्या की फ्रीजरचं विचारते मी. पूर्वी त्या लगेच हसायच्या.

* * *

माझं काम काडतुसं भरायचं. कंपनीने नकली काडतुसांचा एक संच दिलेला. आकार खऱ्यासारखा, वजन खऱ्यासारखं, फक्त आत दारू नाही. ती अंगठ्याने दाबून मॅगझिनमध्ये भरायची, मग कंपनीनेच दिलेल्या एका लोखंडी सांगाड्यातून खटाखट बाहेर काढायची, की परत भरायची. अडकतात का ते बघायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच.

माझा अंगठा असा घासला गेला की रेशनच्या दुकानात मशीन तो ओळखेना! पुसून बघितला, पाणी लावून बघितला. मागे रांग चिडलेली. दुकानदार वैतागून म्हणाला, "बाई, काम काय करता तुम्ही?"

मी खरं ते सांगितलं. "रायफलची मॅगझिनं भरते."

रांग दोन पावलं मागे सरकली. दुकानदाराने कुठलं तरी बटण दाबलं, धान्य दिलं आणि वर पिशवी रिक्षापर्यंत आणून दिली.

आता अंगठ्यावर रेषा परत आल्यात. मशीन पहिल्या फटक्यात ओळखतं. चांगलं आहे म्हणा, पण मला ते फारसं आवडत नाही.

* * *

आता दसऱ्याचं सांगते. हा किस्सा सांगताना काका दुसरीकडे बघतात.

काकांसाठी खंडेनवमी म्हणजे घरच्या सणाहून मोठी. टेबल धुतलं, झेंडूची माळ लावली, मॅगझिनं मांडली. पितळी काडतुसं मात्र आमच्या हातांच्या घामाने काळपट पडलेली. काका म्हणाले, "हत्यार पूजेला मळकं ठेवायचं नाही. सुनीता, घरात चिंच आहे?"

घरात चिंच नसेल असं कोकणातल्या माणसाचं घर असतं का! मी आणली. देवाची भांडी घासतात तशी आम्ही तिघांनी चिंच-मिठाने एकेक काडतूस घासलं. अशी लखलखली की भाई बघत राहिले. "वा! ही अशीच ठेवत जा," म्हणाले.

झालं. मालकाने सांगितलं, काकांना आवडलं, मग दर शुक्रवारी जेवणानंतर चिंच-मीठ आणि गप्पा. आमचा आठवड्यातला सगळ्यात छान वेळ तो. केतकी तिच्या लग्नाचं बोलायची, काका बर्फातल्या पोस्टिंगचं. काडतुसं हातातून सुळकन निसटायची आणि आम्ही हसायचो.

आणि चमत्कार बघा! आधी मॅगझिनमध्ये काडतूस मधूनच अडकायचं. दसऱ्यानंतर अडकायचं थांबलंच. केतकीला वाटलं, तिचा नवीन साचा बरोबर बसला. काका म्हणाले, स्प्रिंग मुरली. मी म्हटलं, देवी पावली. भाई म्हणाले, "आजोबांच्या मिठागराची पुन्याई." प्रत्येकाकडे कारण होतं, आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटत होतं.

कंपनीचा माणूस येऊन तासभर बघत बसला. "एवढ्या स्वस्त मॅगझिनमध्ये एकदाही अडकत नाही? कमाल आहे!"

भाईंनी त्याला पेढा भरवला.

* * *

ट्रायलला भाई आणि काका गेले. भाईंनी नवीन पांढरा शर्ट घातलेला. गाडीत पेढ्यांचे बॉक्स, आणि निघताना मला म्हणाले, "पत्राला फ्रेम लाकडाची बरी दिसेल का सोनेरी?" मी सोनेरी सांगितलं.

तिथे गोळ्या खऱ्या, सीलबंद खोक्यातून थेट काढलेल्या. कोरड्या, मंद रंगाच्या. पहिलं मॅगझिन लावलं, दुसऱ्याच गोळीला अडकलं. दुसरं लावलं, तेही अडकलं. तिसरं घेतलं तेव्हा काकांनी रायफलला दोष देऊन बघितला. रायफल बदलली, तरी तेच.

काकांच्या खिशात आमच्यातलं एक नकली काडतूस असायचं, सवयीने. ते एका हातात घेतलं, खरी गोळी दुसऱ्या हातात, आणि दोन्ही बोटांमध्ये फिरवून बघितली. मग बाजूला जाऊन मला फोन लावला.

मी आनंदाने ओरडले, "काका, पास?"

काका एवढंच म्हणाले, "सुनीता, चिंच." आणि फोन ठेवला.

मला काही कळेना. मी केतकीला सांगितलं. तिने टेबलावरची ती सोन्यासारखी काडतुसं बघितली, एक उचललं आणि स्टुलावर बसली. म्हणाली, "ताई, ही कुठल्याही डबीतून सुटली असती गं. अगदी आपल्या टमरेलातून सुद्धा!"

मॅगझिनची आतली भिंत खरखरीत होती. स्वस्त माल, तेवढं असणारच. ते आम्हाला अडकण्यातूनच कळलं असतं आणि केतकीने दुरुस्तही केलं असतं. पण आम्ही भिंत सोडून काडतुसंच तुळतुळीत करत बसलो. कुणी कामचुकारपणा केला असता तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. इथे सगळं मन लावून केलेलं. मन लावून केलेलं वाया गेलं की शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

कंपनीने दुसरी संधी दिली नाही. स्वस्तातला आणखी कुणीतरी त्यांना मिळाला.

भाई दुसऱ्या दिवशी आले. आम्ही तिघं मान खाली घालून उभे. काकांनी हात जोडले, तर भाईंनी ते धरून खाली केले. मग पेढ्यांचा बॉक्स उघडून पुढे धरला.

"खा," म्हणाले. "पेढ्याची काय चूक?"

त्या पेढ्याची चव मला आजही नको असते.

* * *

शेवटचा किस्सा आम्ही एसटी फलाटाला लागल्यावरच काढतो. म्हणजे लगेच उठता येतं.

नापास मॅगझिन भंगारात देता येत नाही. रायफलची वस्तू, बाहेर जायला नको. म्हणून ती कंपनीच्या एका साहेबांच्या समोर तोडायची, आणि तोडल्याची त्यांनी सही करायची, असं ठरलं. साहेब आले. सभ्य माणूस. ट्रायलला ते नव्हते, आमचं काय झालं त्यांना ठाऊक नव्हतं.

भाईंनी आधी तुटक्या बादल्यांचा चुरा करायच्या मशीनमध्ये मॅगझिन टाकलं. मशीनची पाती गेली! मग हातोडा आणला. हातोडा काकांच्या हातात, साहेब खुर्चीत, मी आणि केतकी बाजूला. आणि भाई सवयीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभे.

काकांनी पहिला घाव घातला. मॅगझिन टुणकन उडून गेटपाशी पडलं. केतकी पळत जाऊन घेऊन आली. दुसरा घाव, ते साहेबांच्या खुर्चीखाली. तिसरा काकांनी दातओठ खाऊन घातला. नुसता ओरखडा! काका घामाने निथळत होते. हसावं का रडावं ते आम्हाला कळत नव्हतं.

भाईंनी न वळता विचारलं, "फाटला काय गो?"

साहेबांनी वाकून मॅगझिन उचललं. उलटं-सुलटं करून बघितलं, तोंडाच्या कडा अंगठ्याने दाबून बघितल्या. आणि अगदी मनापासून म्हणाले, "काय मजबूत बनवलंय हो! साधी चीर नाही. फौजेला असाच माल पाहिजे."

भाई वळले. साहेबांच्या हातातल्या मॅगझिनकडे बघितलं. दोन्ही हात शर्टाला पुसले आणि पुढे होऊन हळूच म्हणाले,

"साहेब, येवढंच लिवून द्याल काय?"

साहेबांनी हातातला तोडल्याच्या सहीचा कागद बघितला, पेन बघितलं. मग मॅगझिन अलगद परत फरशीवर ठेवलं आणि काकांना म्हणाले, "घ्या. जरा जोरात मारा."

भाई परत भिंतीकडे वळले.