डाळ दिसली तर मला बी दावा

आठवीतल्या एका मुलीनं शाळेतल्या खिचडीचा व्हिडिओ इन्स्टाग्रामवर टाकला. गुन्हा एवढाच. पुढं जे झालं ते मी जवळून पाहिलं, कारण ती आमच्याच गल्लीतली, मला ताई म्हणणारी; आणि मी आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात एका संघटनेची पत्रकं वाटत, मोर्च्याचे फलक रंगवत फिरणारी. त्याच शाळेत, त्याच व्हरांड्यात मांडी घालून मीही ती खिचडी खाल्लेली आहे.

व्हिडिओ एका दमात बोलून संपेल एवढाच होता. ताटलीत पिवळं पाणी, त्यात भात. ती बोटानं भात बाजूला सारते आणि बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा आवाज काढून म्हणते, "आपण आहोत घटनास्थळी. डाळ बेपत्ता हाय. शोध चालू हाय. कुणाला दिसली तर मला बी दावा." मागं पोरी फिदीफिदी हसतायत. एक ओरडते, "अगं, ती बी ऊस तोडायला गेली आसंल!"

दिवाळी झाली की आमचं गाव निम्मं रिकामं होतं. आई-बाप कोयते घेऊन ऊसतोडीला फडावर जातात, पोरं म्हाताऱ्या माणसांपाशी राहतात. तिचेही आई-बाप गेले होते. जाताना बापानं आपला जुना मोबाईल तिच्याकडं ठेवला, रोज आवाज तरी ऐकायला मिळावा म्हणून. त्याच मोबाईलवर तिनं हे केलं, आणि ते सगळ्यात आधी पाहिलं गेलं फडावरच. पाचटात बसून भाकरी खाणाऱ्या बायांनी ते एकमेकींना पाठवलं. मी आमच्या संघटनेच्या पानावर टाकलं तोवर ते कारखान्याकारखान्यांवर फिरून आलं होतं.

नियम असा आहे की पोरांना वाढायच्या आधी एका पालकानं खिचडीची चव घ्यायची. नियम चांगलाच आहे. पण हंगामात पालक गावात असतात कुठं? मग शाळा समितीचे अध्यक्ष आपला माणूस पाठवतात. हा माणूस मोटारसायकलवरून न उतरता चमचाभर तोंडात टाकतो, "झकास" म्हणतो आणि निघतो. डाळ-तांदूळ मोजून देणंही अध्यक्षांच्याच हातात. आणि हे अध्यक्ष कोण? गावचे मुकादम. म्हणजे ज्याच्या टोळीत आई-बाप ऊस तोडतात, तोच पोरांच्या ताटाचा राखणदार. हे मी पत्रकात लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, ताणून लिहिलंय.

मुख्याध्यापकांनी तिला आजीसोबत बोलावलं. आजीला ऐकू कमी येतं, म्हणून मी गेले.

"तक्रार होती तर मला सांगायची," सर म्हणाले. "जगाला कशाला दाखवायचं?"

"सांगितली होती सर. तुमी म्हणलात, घरी काय बासुंदी-पुरी खाता का?"

"ते मी गमतीनं म्हणालो होतो."

"मी बी गमतीनंच टाकलाय सर."

मला हसू आवरलं नाही. सर माझ्याकडं वळले. "हे सगळं तू शिकवतेस हिला."

"मला असं बोलता आलं असतं सर, तर माझी पत्रकं लोकांनी वाचली नसती का?"

सर हसले नाहीत. त्यांनी तोडगा काढला होता: खिचडी करणाऱ्या मावशीला काढून टाकायचं, विषय संपला. व्हिडिओखाली तसंच लिहून आलं होतं. बाईच डाळ घरी नेते, तिच्या घरावर छापा टाका. ज्यांनी आमचं गाव नकाशावर पाहिलं नाही, तेही शिव्या देत होते. त्या दुपारी मुलगी ताटली घेऊन गेली तेव्हा मावशीनं वाढलं, पण तिच्याकडं पाहिलं नाही.

हे तिच्या जिव्हारी लागलं. मला न विचारता तिनं व्हिडिओखाली लिहिलं, "मावशीला नावं ठेवू नका. जेवढं देत्यात तेवढंच त्या शिजवत्यात. देणाऱ्याला इचारा."

डाळ हरवली, हे सगळ्यांना चालत होतं. मावशीवर ढकललं तर तेही चाललं असतं. देणाऱ्याला विचारा, हे चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बीडहून परतत होते. मांजरसुंब्याला गाडी चहाला थांबली आणि तिचा फोन आला. ती रडत नव्हती. रडत असती तर मला सोपं गेलं असतं.

"ताई, पप्पाचा फोन आलता. व्हिडिओ काढून टाक म्हणत्यात."

"कावून?"

"मुकादम फडावर गेलता. समद्यांसमोर म्हणला, पोरगी लई शानी झाली तुजी, आण की हिकडं, मोळ्या बांधंल. पप्पा म्हणले, न्हाई काढला तर तुला न्यावंच लागंल बाई. आमाला हितं त्याच्याच हाताखाली हंगाम काढायचाय."

माझ्या तोंडात अख्खं भाषण तयार होतं. बोलण्याचा अधिकार, अन्नाचा अधिकार, मुलांचा अधिकार. ढाब्यापुढं उभं राहून त्यातलं एकही वाक्य मला तिला सांगता आलं नाही. "व्हिडिओ तुझा आहे," एवढंच म्हणाले. "तू ठरव."

"मला शाळेत ऱ्हायचंय," ती म्हणाली. "तुमच्याकडचा बी काढा."

मी काढला. संघटनेतला एक जण माझ्यावर उखडला, "एवढा पसरलाय आन आत्ता माघार घेतीस व्हय?" मी म्हणाले, "मोळ्या बांधायला तुझ्या बहिणीला पाठवतोस का?"

मला चीड येते ती याची. पोरांनी मोबाईलवर नाचलेलं चालतं. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला पोरांना रांगेत उभं करून शुभेच्छांचा व्हिडिओ शाळेतच काढतात, तेव्हा मोबाईल वाईट नसतो. पोरीनं स्वतःच्या ताटाकडं बोट दाखवलं की मात्र सगळ्यांना संस्कार आठवतात.

काढून टाकण्यावरही भागलं नाही. शाळेनं तिचा माफीचा व्हिडिओ केला. झेंड्याच्या कट्ट्याजवळ उभी करून कागद वाचायला लावला: "माझ्याकडून शाळेची बदनामी झाली. आमच्या शाळेतील आहार पौष्टिक व रुचकर आहे." रुचकर! हा शब्द आमच्या गल्लीत कुणी जन्मात उच्चारलेला नाही. सरांनी तो व्हिडिओ मोठ्या उत्साहानं गावाच्या ग्रुपवर टाकला. पण निम्मं गाव फडावर आणि मोबाईल खिशात, हे ते विसरले. "समदं खरं गुरुजी, डाळ आली का?" "रुचकर डाळीचा फोटो टाका." "लेकराला कागद दिला, वरण द्या." तासाभरात ग्रुपवर फक्त ॲडमिननं लिहायचं अशी व्यवस्था झाली आणि गाव बंद पडलं.

व्हिडिओच गेला, म्हणून मावशी कामावर राहिली. मुलगीही शाळेत राहिली. जिंकलात की, असं मला लोक म्हणतात.

नंतर एकदा दुपारच्या सुट्टीत मी शाळेत गेले. ती हापशावर ताटली धूत होती.

"आता कशी असते गं खिचडी?"

तिनं आधी माझ्या हातातला मोबाईल पाहिला. मग वर्गाच्या खिडकीकडं पाहिलं. "चांगली असती."

"डाळ?"

"असती की."

मी मोबाईल पिशवीत टाकला, पिशवी लांब कट्ट्यावर ठेवून आले आणि पुन्हा विचारलं.

"तास हाय ताई," ती म्हणाली. घंटा अजून झाली नव्हती. ताटलीतलं पाणी झटकून ती वर्गात गेली.

खरंच डाळ येत असेल तर चांगलंच आहे. पण ते आता मी कुणाला विचारू? तिला विचारून झालं.